जुन्या मोटारीची चाल : काय राखावे आणि काय बदलावे

सस्पेन्शन या शब्दाशी आमचा परिचय तीस वर्षांचा आहे. तो परिचय कामगारांच्या सस्पेन्शनचा, मोटारींच्या नव्हे, असे कोणी म्हणेल तर ते अर्धेच खरे होईल. आमचे पुष्कळसे सभासद मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत काम करतात. कोणी स्प्रिंगची तार तापवून गुंडाळतो, कोणी शॉकॲब्सॉर्बरच्या नळीत तेल भरून तिचे तोंड बंद करतो, कोणी रबराचे बुश साच्यातून काढतो. या माणसांच्या वतीने व्यवस्थापकांशी बोलावयाचे तर ती काय करतात हे आधी समजले पाहिजे. म्हणून ही विद्या आम्ही कारखान्याच्या दारात, चहाच्या टपरीवर आणि रात्री ग्रंथालयातील पुस्तकांतून मिळविली. कॉलेजात ती शिकण्याचा योग आला नाही. त्यामुळे तिची मांडणी थोडी ओबडधोबड असेल, ती श्रोत्यांनी चालवून घ्यावी.

या शब्दाला मराठीत 'निलंबन' म्हणावे असे कोणी सुचविले आहे. चळवळीत वावरणाऱ्या माणसाच्या कानी तो शब्द पडला की त्याच्या डोळ्यांपुढे आरोपपत्र आणि खातेनिहाय चौकशी उभी राहते, मोटार उभी राहत नाही. तेव्हा आम्ही गॅरेजातील भाषाच वापरणार आहोत. स्प्रिंग, शॉकप, बुश, आर्म हे शब्द आता आपल्याकडे इतके रुळले आहेत की त्यांना परके म्हणणे कृतघ्नपणाचे होईल.

प्रश्न असा आहे. एखाद्या नोकरदार माणसाजवळ वीस-बावीस वर्षांची मोटार आहे. नवी होती तेव्हा ती चपळ म्हणून नावाजलेली होती. तिचे इंजिन अजून खणखणीत आहे. तो रोज तिच्यातून कामावर जातो आणि महिन्यातून एखाद्या रविवारी पसरणीचा किंवा खंबाटकीचा घाट चढतो. अलीकडे ती वळणावर डुलू लागली आहे, खड्ड्यात गेली की खडखडते, ब्रेक दाबला की नाक खुपसते. तो चौकशी करतो, तेव्हा एक दुकानदार त्याला मोटार खाली बसविणारे कडक स्प्रिंग दाखवितो, दुसरा आटे फिरवून उंची कमीजास्त करता येणारा परदेशी संच दाखवितो, तिसरा मोठ्या रिमा आणि रुंद टायर सुचवितो. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य असते. पैसा मात्र एकाच खिशातून जावयाचा असतो. तो कोणत्या क्रमाने खर्चावा?

हवेत बोलण्यापेक्षा एक मोटार डोळ्यांपुढे ठेवू. फियाटची पॅलिओ भारतात २००१ साली आली. तिची जाहिरात सचिन तेंडुलकर करीत असत, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. ती प्रथम मुंबईत कुर्ल्याला तयार होई. ज्या कुर्ल्यात आपल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीची पद्मिनी दशकानुदशके तयार झाली, तेथेच. त्या पद्मिनी टॅक्सींपैकी अखेरची २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली. पॅलिओ मात्र अजून इथेतिथे दिसते. तिची १.६ लिटरची आवृत्ती सुमारे १०० अश्वशक्तीची, म्हणजे त्या आकाराच्या मोटारीला त्या काळी भरपूर. तेल जरा अधिक पिते म्हणून बाजाराने तिला नाके मुरडली, पण घाटात तिला हाताळलेला माणूस दुसरी मोटार सहसा घेत नसे. तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहेत. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही रचना १९५०-५१ मध्ये इंग्लंडातील फोर्ड मोटारींतून सर्वत्र पसरली. स्प्रिंग आणि शॉकप एकाच खांबात बसवावयाचे, खालून एक आर्म जोडावयाचा, आणि त्याच खांबाभोवती चाक वळवावयाचे, अशी ती काटकसरीची युक्ती आहे. मागच्या बाजूस दोन्ही चाकांना जोडणारा, पिळला जाऊ शकणारा एक आडवा तुळईसारखा भाग आणि त्यावर कॉइल स्प्रिंग. आपल्या रस्त्यांवरील बहुतेक छोट्या मोटारी अशाच घडणीच्या असल्यामुळे पॅलिओविषयी जे सांगू ते पुष्कळ मोटारींना लागू पडेल.

आता या सगळ्या सांगाड्याचे काम काय? आत बसलेल्या माणसाला रस्त्याचे उंचसखलपण कमीत कमी जाणवावे, हे एक. आणि टायर रस्त्याला सोडू नये, हे दुसरे. पहिले सर्वांस ठाऊक असते. दुसरे अधिक मोलाचे आहे, कारण ब्रेक असो, वळण असो की वेग असो, मोटार रस्त्याशी जे काही बोलते ते तळहाताएवढ्या चार ठशांतून बोलते. चाक क्षणभर हवेत गेले की तेवढा क्षण ती मोटार मुकी होते. अंगाला हादरे बसणारी कडक मोटार चालकाला वेगवान वाटते. परंतु उखडलेल्या डांबरावर तिचे चाक उड्या मारीत असेल तर ती वस्तुतः कमी पकड घेत असते. १९६२ ची लोटस एलान ही इंग्लंडातील अत्यंत चपळ क्रीडामोटार मऊ स्प्रिंगांची होती, चाकांना वरखाली जाण्यास पुरेशी जागा देणारी होती. कडक म्हणजे चपळ, हा समज मोटारींच्या शर्यती गुळगुळीत धावपट्टीवर होतात म्हणून रूढ झाला आहे.

स्प्रिंग किती कडक आहे हे समजण्याची एक सोपी रीत सांगतो. मोटारीच्या वजनाने स्प्रिंग किती सेंटिमीटर दबले आहे ते पाहावे, म्हणजे चाकापाशी मोजलेले दबणे. त्या आकड्याचे वर्गमूळ काढावे आणि ३०० ला त्याने भागावे. येणारा आकडा म्हणजे ती मोटार मिनिटाला किती झोके घेईल तो. २५ सेंटिमीटर दबले तर ६० झोके, १६ दबले तर ७५, आणि ९ च दबले तर १००. घरगुती मोटार साधारण ६० ते ९० च्या दरम्यान असते. माणूस चालताना मिनिटाला शंभरएक पावले टाकतो, त्यामुळे या गतीचे झोके आपल्या शरीराच्या ओळखीचे आहेत. रस्त्यावरची क्रीडामोटार शंभराच्या आसपास किंवा थोडी वर जाते. १२० च्या पुढे गेलेली मोटार रोजच्या वापराची राहत नाही, मग दुकानदार काहीही म्हणो.

यातली एक गंमतीची गोष्ट पुढच्या निवडीस उपयोगी पडते. पुढचे आणि मागचे झोके सारखे नसावेत. १९३० नंतरच्या काळात मॉरिस ऑली नावाचा अभियंता रोल्स रॉइस सोडून अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये आला आणि त्याने वजने इकडून तिकडे हलवून मोटारीच्या चालीचे प्रयोग केले. त्याला असे आढळले की पुढचे स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ असेल तर मोटार सपाट चालते. कारण उघड आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकांना भेटतो. अडीच मीटरच्या आत चाकांचे अंतर असलेली मोटार ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर मागच्या चाकांना तो सेकंदाच्या सातव्या हिश्श्याने उशिरा भेटतो. मागचा झोका थोडा जलद असेल तर तो पुढच्याला गाठतो आणि दोघे एकत्र वरखाली होतात. नाहीतर मोटार होडीसारखी डोलते. कारखान्यातील अभियंत्यांनी हा हिशेब महिनोन्महिने बसविलेला असतो. पुढचेच दोन कडक स्प्रिंग स्वस्तात मिळाले म्हणून बसविणारा मनुष्य तो एका दुपारीत मोडून टाकतो.

स्प्रिंगने धक्का घ्यावयाचा आणि शॉकपने स्प्रिंगचा झोका थांबवावयाचा, अशी कामाची वाटणी आहे. शॉकॲब्सॉर्बर हे नावच मुळी फसवे आहे. धक्का शोषतो तो स्प्रिंग. शॉकपच्या नळीत दट्ट्या असतो, त्याच्या बारीक छिद्रांतून आणि झडपांतून तेल ढकलले जाते, आणि झोक्याची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. टांग्याला आणि पद्मिनीच्या मागच्या बाजूला पाट्यांची कमान असे. तेथे पाट्यावर पाटा घासून थोडेसे हेच काम फुकटात होई. कॉइल स्प्रिंगला ते घर्षण नाही. म्हणून कॉइलच्या मोटारीचा शॉकप मेला की मोटार अक्षरशः मोकाट सुटते.

आणि तो मरतो हळूहळू. ही या विषयातील खरी अडचण आहे. वीस वर्षांत तेल पातळ झाले, झडपा झिजल्या, सील पाझरू लागले. पण रोज थोडे थोडे झाल्यामुळे चालकाला ते कळत नाही. त्याचा हात त्या मोटारीच्या खोडीला सरावतो. पगार वाढला नाही आणि महागाई वाढली तर कामगाराला जे होते तेच येथे होते. बॉनेटच्या कोपऱ्यावर दाबून मोटार किती वेळा हलते ते पाहण्याची परीक्षा सर्वत्र करतात. त्या परीक्षेत नापास झालेला शॉकप नक्की गेलेला असतो. परंतु उत्तीर्ण झालेला चांगला असतोच असे नाही. टायरवर हात फिरवून पाहावा. त्याला जागोजाग खोलगट चट्टे पडले असतील तर ते चाक उड्या मारीत आहे, असे खुशाल समजावे.

तात्पर्य, पहिला पैसा नव्या करामतीवर जाऊ नये, झिजलेल्या भागावर जावा. आमचे ठाम मत असे आहे की वीस वर्षांच्या मोटारीला सुधारणा म्हणून जे हवे असते त्यातील बारा आणे दुरुस्तीच असते. ज्या माणसाने आपली मोटार नवी असताना चालविलेलीच नाही, जुनी विकत घेतली, त्याला ती मुळात किती चांगली होती हे ठाऊकच नसते. तो मूळ मोटारीला नावे ठेवतो आणि प्रत्यक्षात नावे ठेवीत असतो फाटलेल्या रबराला.

त्या रबराविषयी थोडे अधिक बोलू, कारण त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आर्म जेथे सांगाड्याला जोडला जातो तेथे रबराचा बुश असतो. चाकाला वरखाली जाऊ द्यावयाचे, पण मागेपुढे आणि आडवे फारसे सरकू द्यावयाचे नाही, हे त्याचे काम. रबर ऊन, तेल आणि हवेने कडक होते, मग चिरते. पुढच्या आर्मचा मागचा बुश गेला की ब्रेक दाबताना चाक किंचित मागे सरकते, त्याची दिशा बदलते, आणि मोटार एका बाजूला ओढते. मागच्या आडव्या तुळईचे बुश गेले की वेगात मोटारीचे बूड आपल्या मर्जीने चालते. चार-सहा बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, स्ट्रटच्या डोक्यावरचे माउंटिंग आणि त्यातील बेअरिंग एवढे बदलले की पुष्कळांना मोटार परत मिळाल्यासारखे वाटते. बाजारात पॉलियुरेथेनचे कडक बुशही मिळतात. ते रबरापेक्षा टिकतात, स्टिअरिंग नेमके करतात. पण रस्त्याची बारीक थरथर आत आणतात आणि वंगण सुकले की कुरकुरतात. शिवाय काही बुश मुद्दाम मऊ ठेवलेले असतात, म्हणजे खड्ड्याचा मार बसल्यावर चाकाने तसूभर मागे सरावे. ते कडक केले तर तो मार आर्मला आणि सांगाड्याला बसतो. रोजच्या मोटारीला कारखान्याचेच रबर बरे. एखाद्याला फारच हौस असेल तर पुढच्या पट्टीचे, म्हणजे अँटिरोल बारचे, बुश तेवढे कडक घालावेत.

बुश बसविण्यातील एक खुबी येथे सांगितलीच पाहिजे. हा बुश बहुधा आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटविलेला असतो. आर्म हलतो तेव्हा तो फिरत नाही, पिळला जातो. मोटार जॅकवर, चाके लोंबकळत असताना त्याचा बोल्ट घट्ट केला, तर मोटार खाली उतरताच तो कायमचा पिळलेल्या स्थितीत राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी सैल ठेवावेत, मोटार आपल्या चाकांवर उभी करावी आणि मगच ते शेवटचे आवळावेत. याला एक पैसा अधिक लागत नाही. फक्त खड्डा किंवा रॅम्प लागतो आणि मिस्त्रीला घाई नसावी लागते. घाई कोणाची असते ते आपण जाणताच. गिऱ्हाईक दाराशी उभे राहून संध्याकाळीच मोटार हवी म्हणत असते.

बुशांबरोबर टायर. टायरच्या बाजूवर चार आकड्यांची तारीख असते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून दहा वर्षांचा कडक झालेला टायर ठेवावयाचा आणि स्प्रिंगवर पैसा ओतावयाचा, हे नव्या धोतरावर फाटकी चप्पल घालण्यासारखे आहे. मोठ्या रिमांचा मोह मात्र टाळावा. रिम मोठी झाली की टायरची भिंत बुटकी होते; खड्ड्याची कड थेट रिमला लागते. जड रिम वरखाली नाचविण्याचे ओझेही बिचाऱ्या शॉकपवर पडते.

आता शॉकप बदलावयाचेच आहेत, तर कोणते? येथे थोडी सुधारणा करण्यास जागा आहे आणि ती करावी असे आम्ही म्हणू. मूळ स्प्रिंग शाबूत असतील तर ते तसेच ठेवून किंचित अधिक पकड असलेले चांगल्या कंपनीचे शॉकप घालणे, हा रोजच्या मोटारीचा सर्वांत शहाणा बदल होय. वळणावर मोटार तितकीच झुकेल, कारण झुकणे स्प्रिंग आणि पट्टी ठरवितात. पण ती हळू आणि विश्वासाने झुकेल. चालकाला चपळाईची जी जाणीव हवी असते तिचा मोठा भाग यातच आहे. कोणी शंभर टक्के कडक शॉकप घेतो. त्याची आवश्यकता नसते. स्प्रिंग ३० टक्क्यांनी कडक केले तरी शॉकप १४ टक्क्यांनीच वाढवावा लागतो, कारण तेथे पुन्हा वर्गमुळाचा हिशेब आहे. नुसता कडक शॉकप मूळ मऊ स्प्रिंगवर घातला तर लागोपाठच्या खड्ड्यांत स्प्रिंगला परत उघडण्यास वेळच मिळत नाही; मोटार प्रत्येक खड्ड्यागणिक खाली खाली बसत जाते आणि शेवटी आपटते. पुढचे दोन एकदम, मागचे दोन एकदम बदलावेत. शक्य तर चारही. सोबत रबरी बंप स्टॉप आणि धूळ अडविणारे बूटही नवे घ्यावेत. फाटक्या बुटामुळे नवा शॉकप पहिल्याच पावसाळ्यात चिखल खातो.

स्प्रिंग कापून मोटार खाली बसविण्याची जी फॅशन आहे तिच्याविषयी आम्ही मवाळ बोलू शकत नाही. कापलेले स्प्रिंग आखूड होते. मोटार उचलली किंवा चाक खोल खड्ड्यात गेले की ते आपल्या बैठकीत सैल होते आणि परत येताना जागेवर येईलच याचा भरवसा नाही. ज्या आचेने ते कापतात तिने पोलादाचे पाणीही उतरते. आमच्या सभासदाने भट्टीत जे काळजीपूर्वक दिले ते रस्त्याकडेला पाच मिनिटांत घालविण्याचा हा प्रकार आहे.

तयार मिळणारे बुटके स्प्रिंग कापलेल्यांपेक्षा पुष्कळ बरे. तरी त्यांचाही हिशेब पाहू. समजा, चाकाला वर जाण्यास ८ सेंटिमीटर जागा होती आणि मोटार ४ सेंटिमीटर खाली बसविली. आता जागा निम्मी राहिली. तोच खड्डा तेवढ्याच जागेत पचवावयाचा तर स्प्रिंग दुप्पट नव्हे, चौपट कडक पाहिजे, कारण स्प्रिंगमध्ये साठणारी शक्ती दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. बाजारातील बुटके स्प्रिंग मुळापेक्षा थोडेबहुतच कडक असतात. चौपट कडक कोणी करीत नाही आणि केले तर त्यात कोणी बसणार नाही. मग राहिलेले काम बंप स्टॉप करतो, म्हणजे मोटार आपटते. त्यातून मागच्या आसनावर तिघे आणि डिकीत सामान असेल तर विचारूच नका. मॅकफर्सनच्या मोटारीत आणखी एक दुखणे निघते. मोटार फार खाली बसली की खालचा आर्म चाकाकडे वर चढू लागतो. ज्या बिंदूभोवती मोटार कलते तो बिंदू मोटारीच्या वजनाच्या मध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जातो, आणि ती उलट जास्त कलू पाहते. म्हणजे चपळाईसाठी खाली बसवावयाची आणि चपळाईच घालवावयाची. एवढे असून कोणाला करावयाचेच असेल तर १५-२० मिलिमीटरवर थांबावे, आणि त्या उंचीसाठीच बनविलेले शॉकप सोबत घ्यावेत.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर असावा. ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्या वाहनाने तो सुखरूप ओलांडावा. आपल्या गल्लीतील गतिरोधक श्रोत्यांनी घरी जाताना पायांनी मोजून पाहावा. जोवर तो तसा आहे तोवर खाली बसविलेल्या मोटारीचे पोट आणि नगरपालिका यांचा तंटा मिटावयाचा नाही.

आटे असलेला संच, ज्याला कॉइलओव्हर म्हणतात, तो शर्यतीच्या माणसासाठी आहे. चारही कोपऱ्यांची वजने काट्यावर तोलून उंची बसविणे हा त्याचा खरा उपयोग. रोज कामावर जाणारा मनुष्य तो एकदा बसवितो, पुन्हा कधी हात लावीत नाही. दोन पावसाळ्यांत आटे चिखलाने आणि कोकणात खाऱ्या हवेने धरून बसतात. त्यापेक्षा ज्याला झुकणे कमी करावयाचे आहे त्याने अँटिरोल पट्टीचा विचार करावा. तिची ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. २० मिलिमीटरची पट्टी २२ ची केली की ती जवळजवळ दीडपट कडक होते. सरळ रस्त्यावर, दोन्ही चाके एकदम वर गेली असता, ती मध्ये पडत नाही, हा तिचा मोठा गुण. पण एकाच चाकाखाली खड्डा आला की ती तो धक्का दुसऱ्या बाजूस पोहोचविते. पुढची चाके ओढणाऱ्या मोटारीत मागे जाड पट्टी घातली की मोटार वळणात चटकन तोंड फिरविते. परंतु ओल्या घाटात वळणाच्या मध्येच पाय ॲक्सिलरेटरवरून काढला तर तिचे बूड बाहेर पडते. पसरणीला डाव्या अंगाला काय असते ते सांगावयास नको.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये असे म्हटले आहे की उत्पादकाने नोंदविलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत फेरफार करता येणार नाहीत. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणी होऊन नूतनीकरण होते. पॅलिओच्या वयाच्या मोटारीला ही तपासणी टळत नाही. मूळ मापाचे शॉकप आणि बुश घालणाऱ्याला तेथे कोणी विचारीत नाही; बोटभर जागा ठेवून टायरवर बसविलेली मोटार निरीक्षकाच्या दृष्टीस दारातूनच पडते.

आता ज्याच्यासाठी आम्ही हा विषय घेतला ते बोलतो. मॅकफर्सनचा स्ट्रट उघडावयाचा म्हणजे आधी स्प्रिंग दाबून धरावे लागते. एक मिलिमीटर दबण्यास दोन किलो भार लागणारे स्प्रिंग १५ सेंटिमीटर दाबले तर त्यावर ३०० किलोचा भार असतो. त्यात साठलेली शक्ती साडेबावीस किलोचा दगड एक मीटरवरून पडावा एवढी. ते सुटले तर बंदुकीसारखे सुटते. त्यासाठी दाबयंत्र असते, आणि चांगले दाबयंत्र फार महाग नसते. तरी आम्ही अशी गॅरेजे पाहिली आहेत की जेथे झिजलेल्या आट्यांचे दोन आकडे, कधी नुसती तार आणि पहार यांवर हे काम चालते. ते करणारा पोरगा सतरा-अठरा वर्षांचा असतो. त्याला ना विमा, ना संघटना. अशाच एका ठिकाणी स्प्रिंग निसटून एका मुलाचा जबडा मोडला. मालकाने त्याला दवाखान्यात नेले, एक महिन्याचा पगार दिला आणि कामावरून काढले. त्याचे प्रकरण आमच्याकडे आले तेव्हा तो तेथे कामाला होता याचा एकही कागद नव्हता. शेवटी ज्या गिऱ्हाइकाची मोटार त्या दिवशी वर चढविलेली होती त्याने साक्ष दिली, म्हणून थोडी भरपाई मिळाली.

तेव्हा गॅरेज निवडताना दर विचारण्याआधी स्प्रिंग कशाने दाबता हे विचारावे, आणि ते यंत्र डोळ्यांनी पाहावे. पाहू देत नसतील तर मोटार परत फिरवावी. मजुरीत घासाघीस करावयाची असेल तर ती सुट्या भागाच्या किमतीत करावी. मिस्त्रीच्या दोन तासांत करू नये, कारण घाईने आवळलेला बोल्ट आणि घाईने दाबलेले स्प्रिंग त्याच घासाघिशीतून जन्मतात. काढलेले जुने भाग मागून घ्यावेत. फाटलेला बुश हातात धरून पाहिला की आपण इतके दिवस कशावर बसून घाट चढत होतो ते कळते.

काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट लगेच करून घ्यावे. चाक एका अंशाने जरी तिरके राहिले तरी किलोमीटरमागे ते सुमारे साडेसतरा मीटर आडवे घासत जाण्यासारखे होते, आणि नवा टायर काही महिन्यांत एका कडेने टक्कल पडल्यासारखा होतो. स्प्रिंग नवे असतील तर ते थोडे बसतात. म्हणून हजारएक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा मोजावे, बोल्टांना पाना लावून पाहावा, आणि त्या वेळी मागच्या आसनावर नेहमी बसणारी माणसे खरोखरच बसवून मोटारीची उंची पाहावी.